विशेषणं खोडताना

'बिचारा' हा शब्द मिस ॲली पेन्सिलीनं खोडतात.
व्हर्ना, विचारतात, हे तुला दिसलं, की वाटलं?

मी पुन्हा लिहिते:
नऊ वाजून बारा मिनिटं. विन्स्लो, वय तीन वर्षं दोन महिने.
दारापाशी उभा. उजव्या हातात डावा बूट.
नऊ वाजून सोळा. अजून दारापाशी.
बूट कानाला लावतो.
पुढे 'उदास' लिहिणार होते. हात आवरला.

छप्पन्नाव्या वर्षी शिकते आहे
डोळ्यांच्या कामात जीभ घालायची नाही.

याआधी एकतीस वर्षं मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात,
कात्रीनं हेरिंगची डोकी उडवत,
बोटांना चिकटपट्टी गुंडाळून.
मोजणी तिथंही होती, पेटीमागे पैसे.
माशांविषयी मत कुणी विचारलं नाही.
कारखाना मिटला त्या दिवशी भोंगा नेहमीच्या वेळी वाजला
आणि धक्क्यावर सीगल दोन दिवस वाट पाहत बसले.
वाट पाहत?
बसले. एवढंच.

आता चर्चच्या तळघरात चौदा मुलं
आणि बर्फात जायचे चौदा जाडजूड पोशाख.
चौदावी चेन गळ्याशी येईपर्यंत
पहिल्याला शू लागलेली असते.
पुस्तकात या वेळेवर अख्खं प्रकरण आहे.
लिहिणारीनं चेन ओढलेली दिसत नाही.

प्रमाणपत्राला चारशे ऐंशी तास लागतात.
माझे तीनशे बारा झाले.
रात्री डेल झोपला की ओट्यावरचा दिवा लावून फाइल उघडते:
ब्लीच किती, पाणी किती.
खाण्याची बळजबरी करू नये.
मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला यावं
(माझे गुडघे यावर वेगळं बोलतात).
तान्ह्या बाळाला पाठीवर निजवावं.
नेहमी. प्रत्येक झोपेला.

या ओळीपाशी मी उठून चहा ठेवला.

आईनं आम्हा सहा जणांना यातलं एक अक्षर न वाचता वाढवलं.
पाच वाढलो.
एलोईजला पालथं निजवायची.
तेव्हा सगळ्याच निजवायच्या,
डॉक्टर सांगायचे म्हणून.
फेब्रुवारी. सकाळचे सहा. मी सात वर्षांची, दारात उभी.
आईनं खिडकी उघडली. आईनं खिडकी लावली.
पुन्हा उघडली.
एकोणपन्नास वर्षं मी त्या खिडकीला
नाना शब्द लावत आले. एकही बसला नाही.
आज पहिल्यांदा नुसतं लिहिलं,
खिडकी, तीन वेळा,
आणि पान फाइलीत लावलं नाही, पण फाडलंही नाही.

गुरुवारी बँगोरहून परीक्षक बाई आल्या.
मुलांच्या खुर्चीत बसल्या, गुडघे हनुवटीशी,
मांडीवर वही. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
तेव्हा कळलं, माशाला कसं वाटत असेल.

रंग सांडले. मेबेलनं टॉबीला चावलं.
मी जे करायचं ते केलं, त्यातलं एक विसरले,
कोणतं ते घरी जाताना आठवेल.

मग विन्स्लो आला, बूट घेऊन,
आणि त्यानं तो माझ्यापुढे धरला.
मी त्याच्या उंचीला आले. गुडघे वाजले.
बूट कानाला लावला.
ओल्या लोकरीचा वास. बाकी काही नाही.
तसं मी त्याला सांगितलं,
खोटं ऐकू आल्याचं नाटक केलं नाही.

तो म्हणाला, थांब.

कोपऱ्यात पेन कागदावर सरकत होतं.
दहा वाजून चार मिनिटं.
दोघं दारापाशी.